परसातला हिवाळा

मंगल पाण्याची बादली घेऊन परसात आली आणि वालाच्या मांडवापाशी थबकली. वेलांची बुडं आधीच ओली होती.

नुसती ओली नव्हती. प्रत्येक वेलाभोवती माती बोटांनी ओढून नीट गोल आळं केलेलं होतं आणि आळ्यातलं पाणी अजून जिरत होतं. बारीक बुडबुडे फुटत होते. मागच्या दाराची कडी मंगलनं आत्ताच काढली होती. परसाला चहूबाजूंनी बोराटीचं कुंपण. त्यातून मांजरसुद्धा दहादा विचार करून शिरायचं.

"ओ भिवरामावशी," तिनं कुंपणावरून हाक मारली, "आमच्या वालाला तुमी पानी घातलं का?"

शेजारची भिवराबाई भिंतीला टेकून उन्हात पाय पसरून बसली होती. तिचे गुडघे केव्हाचेच कामातून गेले होते.

"म्या? माय, मला मोरीपस्तोर जायाला भिंत धरावी लागती. तुज्या वालाला पानी कशाची घालती?" मग जरा थांबून तिनं आवाज उतरवला. "पर सकाळी बांगड्या वाजल्या बघ तिकडं. चंद्रभागेच्या वाजायच्या तशा. मला वाटलं, सपान पडलं आसंल."

चंद्रभागाबाई मंगलची सासू. गेल्या माघात ती इथंच, वालाच्या मांडवाखाली मेली होती.

मंगलनं बादली खाली ठेवली. त्या दिवशी ती मांडवाकडे पुन्हा फिरकली नाही.

वडवणीपासून आत, डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती होती. दिवाळी झाली की ट्रॅक्टर यायचे आणि घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जायची. दारांना कुलपं लागायची. मागं राहायची म्हातारी माणसं आणि कुत्री. उत्तरेश्वर आणि मंगलही दरसाल जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं, मनिषा झाली, ती आजीपाशी वाढली, तिचंही लग्न होऊन ती घाटनांदूरला नांदायला गेली. पण आपल्या स्वतःच्या घरातला हिवाळा मंगलनं एकदाही पाहिला नव्हता. तो चंद्रभागाबाईचा होता. ती आणि तिचं परस.

म्हातारी गेली तेव्हा ही दोघं दूर, कारखान्याच्या उसाच्या फडात होती. निरोप मिळून, गाडी बघून उत्तरेश्वर पोचेपर्यंत लोकांनी सगळं उरकलं होतं. त्याला आईचं तोंड दिसलं नाही, राख दिसली. तो रडला नाही. दहावा केला आणि फडावर परत आला. रात्री खोपीत पडल्या पडल्या एकदाच म्हणाला, "तोंड कसं झालतं आसंल गं तिचं?"

मग उन्हाळ्यात मंगलची गर्भाची पिशवी काढली. टोळीतल्या कितीतरी बायांची निघाली होती, तशी तिचीही निघाली. डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर उसाची मोळी घ्यायची नाही. म्हणून यंदा उत्तरेश्वर धाकट्या भावाला, रामेश्वरला, जोडीला घेऊन गेला आणि मंगल मागं राहिली.

तिच्या हाताला झाडाचं वळण नव्हतं. ऊस तोडायचा ठाऊक, लावायचं काही ठाऊक नव्हतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर घर सारवताना तिला उतरंडीतल्या मडक्यात राखेत घोळलेलं बी सापडलं. वाल, दोडका, वांगी, गवार. चंद्रभागाबाईनं एकेक चिंधीत बांधून ठेवलेलं. बी कसं वाया घालवायचं, म्हणून मंगलनं ते लावलं. दोडके आले, गवार आली. थंडी पडली तशी मेथी आणि करडईची कोवळी भाजी टाकली. वालाला सासूच्याच जागी, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा मांडव केला. खाणारी एकटीच, म्हणून ती भिवराबाईला भाजी द्यायची, राधाकिशन म्हाताऱ्याच्या घरी नेऊन द्यायची. लोक म्हणायचे, सासूचा हात आला गं तुला. तिला बरं वाटायचं.

वेलांभोवती आळी केलेली दिसली त्यानंतर रोज काहीतरी होऊ लागलं. खाली लोंबलेले वेल सकाळी वर चढवलेले असत आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं काठीला बांधलेले असत. चिंधी हिरवट, विटकी. मंगलनं घर धुंडाळलं; असलं लुगडं घरात नव्हतं. ते म्हातारीबरोबरच गेलं होतं.

संध्याकाळी उत्तरेश्वरचा फोन आला. फडातला वारा फोनमध्ये घोंघावत होता.

"जेवलीस का?"

"जेवले. अवो, एक सांगू का? भ्यायचं न्हाई."

"सांग की."

तिनं सगळं सांगितलं. पाणी, आळी, चिंध्या. सांगताना तिची नजर मागच्या दारावरून हलत नव्हती.

"अवो?"

"गाठ कशी हाय?" त्यानं विचारलं.

"कशाची?"

"चिंधीची. सैल हाय का आवळून मारली?"

"सैल हाय. बोट जाईल आशी."

"आईच हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "वेल जाड व्हतोय, त्याला जागा पायजे म्हनायची. मंगल, तू काय बोलू नको तिला. करू दे काय करायलीय ते."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज फोन करू लागला. आधी दोन-चार दिवसांनी करायचा. आता संध्याकाळी कोयता ठेवला की पहिला फोन. जेवलीस का, औषध घेतलंस का, हे कसंबसं उरकायचा आणि विचारायचा, "आज काय केलं तिनं?"

मंगल सांगायची. वांग्याची किडकी पानं खुडून एका बाजूला ढीग लावला होता. लसणातलं गवत काढलं होतं. तो मध्येच हसायचा. एकदा म्हणाला, "मला ल्हानपनी गवत काढाया बसवायची. म्या लसूनच उपटायचो." फडावर, थंडीत, मोळ्यांमध्ये बसून हा माणूस हसतोय हे ऐकून मंगलला भरून यायचं. आणि फोन ठेवला की घराची शांतता अंगावर यायची.

कारण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. म्हातारी जवळ येत होती.

आधी सगळं मांडवाशी, परसाच्या टोकाला होत होतं. पौषात ते वांग्यांपर्यंत आलं. मग मेथीच्या वाफ्यापर्यंत. मग मागच्या दाराशी कढीपत्ता होता, त्याच्या बुडाशी आळं दिसलं. एका सकाळी दाराच्या पायरीवर ओल्या पायाचा ठसा होता, बोटं घराकडे. मंगलनं त्याच्यावर पाणी ओतलं आणि दार लावून घेतलं. दुपारी दार उघडलं तर ठसा पुन्हा होता, आणि बाकीची पायरी कोरडी.

"मावशी, चला की, मजपाशी ऱ्हावा चार दिस," तिनं भिवराबाईला म्हटलं.

"मला उचलून न्यावं लागंल, माय. आन् तू उचलायची न्हाईस." भिवराबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "भ्यालीस व्हय? चंद्रभागा कुनाचं वाईट करनारी न्हाई. मीच पयल्यांदा बगितली तिला, मेल्यावर. मूठ बंद होती. उघडली तर वालाच्या शेंगा. कुनाच्या तरी घरी द्यायला तोडल्या आसतील."

माघ लागला आणि मंगलला ताप आला. वस्तीवर माणूस नाही, वडवणीला जायला अंगात बळ नाही. मनिषाला फोन केला. ती उद्या येते म्हणाली. मंगल चहा घेऊन मधल्या घरात वाकळ पांघरून पडली. भर दुपार होती. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आत आली होती. बाहेर एकही पक्षी ओरडत नव्हता.

तिला स्वयंपाकघरातून आवाज आला. मेथी निवडल्याचा. देठ मोडतानाचा तो बारीक, ओला आवाज. एक देठ, मग दुसरा, मग सुपात पानं टाकल्याची सळसळ. मंगलनं डोळे घट्ट मिटून घेतले. आवाज सावकाश चालू राहिला, घाई नसल्यासारखा. मग थांबला. बांगड्या वाजल्या. जमिनीवर पावलांचा चटचट आवाज, ओल्या पावलांचा, तिच्या उशापर्यंत आला.

कुणीतरी शेजारी बसलं. ओल्या मातीचा आणि मेथीचा वास आला. आणि तिच्या कपाळावर हात पडला. गार, खरखरीत, पाण्यानं भिजलेला.

मंगल किंचाळली. "जावा! जावा इथून! मला भ्या वाटायलंय, आत्याबाई! न्हाई पायजे मला! जावा!"

हात उचलला गेला.

कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले. घरात कुणी नव्हतं. सुपात अर्धी मेथी निवडलेली होती. कोनाड्यातल्या आरशात तिनं पाहिलं. कपाळावर चिखलाची चार बोटं उमटली होती, ताप बघताना उमटतात तशी आडवी. ती तिथंच भिंतीला धरून खाली बसली. हात कशाला आला होता ते तिला तेव्हा कळलं.

मनिषा दुसऱ्या दिवशी आली, तिला दवाखान्यात नेऊन आणलं, चार दिवस राहिली. ती सगळं घर पुन्हा पुन्हा पुसत राहिली. परसात काही झालं नाही. ती गेल्यावरही झालं नाही. वेल खाली लोंबले ते लोंबलेच. वांग्याला कीड लागली. मंगल पहाटेपासून मागचं दार उघडं टाकून बसायची. एकदा तिनं मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "आत्याबाई, म्या तापात बोलले." वारा आला आणि मांडवाच्या काड्या कुरकुरल्या, एवढंच.

ताप आहे, परसात गेले नाही, असं सांगून तिनं काही दिवस नवऱ्याशी वेळ मारून नेली. मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"आज काय केलं तिनं?"

मंगलनं परसाकडे पाहिलं. पलीकडे तो वाट बघत होता. मागं कुणीतरी बैलांना हाकत होतं, रामेश्वर कुणाला तरी हसत शिवी देत होता.

"पानी घातलं," ती म्हणाली. "वेल बांधले. मांडव सावरला."

"सगळा?"

"सगळा."

मग ती उठली आणि परसात गेली. वेल वर चढवले, बोटांनी माती ओढून आळी केली, पाणी घातलं. नवऱ्याला सांगितलेलं निदान खोटं राहू नये म्हणून. त्यानंतर हाच क्रम झाला. संध्याकाळी जे सांगायचं ते ती दिवसभरात स्वतः करायची. ऑपरेशनचे टाके ओढायचे, तशी दमून ती वाफ्याच्या कडेला बसायची, पुन्हा उठायची. माघ गेला, फाल्गुन गेला. उन्हं तापली, विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा ती मोरीचं पाणी साठवून झाडांना घालू लागली. वालाच्या शेंगा वाळल्या; तिनं बी काढून राखेत घोळलं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत भाजी पोचत राहिली.

चैत्रात कारखान्याचा हंगाम संपला आणि ट्रॅक्टर परत आले. भर दुपारी उत्तरेश्वर दारात उतरला. वाळून काळा पडलेला, दाढी वाढलेली. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि कुणाशी न बोलता सरळ परसात गेला.

परसात आता काहीच नव्हतं. वेल करपून मांडवावर सुतळीसारखे पडले होते. मंगल त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"मला तुमाला काय तरी सांगायचंय," ती म्हणाली.

"ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"गेली ती. माघातच." तो मांडवाकडे बघत होता. "आदी तू सांगायचीस तवा तुज्या आवाजात भ्या आसायचं. येक दिस ते एकदमच गेलं."

मंगल पुढं येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"मग कावून इचारत ऱ्हायलात रोज?"

उत्तरेश्वरनं डोक्याचं फडकं सोडलं, हातात चुरगाळलं. मग म्हणाला, "नेमकी कुठं घावली ती? भिवरामावशीनं दाखवलं आसंल तुला."

मंगलनं मांडवाखालची जागा दाखवली.

तो तिथं गेला. आधी उकिडवा बसला. मग तो दांडगा माणूस हळूहळू जमिनीवर कुशीला आडवा झाला आणि त्यानं गाल मातीवर टेकवला. माती चांगलीच पोळत असणार. त्याचे खांदे हलू लागले.

मंगलनं त्याला उठवलं नाही. ती वळसा घालून पलीकडे गेली आणि आपली सावली त्याच्या तोंडावर पडेल अशी उन्हात उभी राहिली.