ताईंचा आवाज जरा खाली

तीन भावंडं, तीन आवाज आणि एक गाणं. काम एवढंच, पण सकाळपासून रेकॉर्डिस्टच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. वडिलांनी रचलेलं गाणं तिघांनी मिळून गायचं ठरवलं होतं. आता मिळून म्हणजे कसं, तर ज्याला जमेल त्या दिवशी त्यानं एकट्यानं येऊन! आणि आल्यावर तिघांनीही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बेंबीच्या देठापासून गायलेलं, जणू बाकीची दोघं जन्मालाच आली नव्हती. आता ते तीन ट्रॅक एकावर एक ठेवून यानं गोड करून द्यायचं. हा काय जादूगार होता? आणि आज ऐकायला मात्र तिघंही एकदम हजर!

“माझा आवाज जरा वर घ्या,” धाकटी बहीण म्हणाली.

घेतला.

“मग माझाही घ्या की! मी कुणाचं घोडं मारलंय?” भाऊ म्हणाला.

त्याचाही घेतला. लगेच धाकटीला वाटलं, आपला दबला. असं करता करता सगळंच इतकं वर गेलं की स्पीकर किंचाळायला लागले.

“अहो, सगळ्यांनाच वर चढवलं तर ऐकू काय येणार, कपाळ?” रेकॉर्डिस्ट करवादला.

“मग ताईचा खाली घ्या,” भाऊ म्हणाला. “घोगरा लागलाय. श्वासही मध्येच तुटतोय. काढूनच टाकला तरी चालेल.”

“हो ना, शेवटच्या कडव्यात तर नकोच,” धाकटीनं री ओढली. दिवसभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं.

थोरल्या ताई मागच्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी सकाळपासून ब्र काढला नव्हता. चला, एक तरी शहाणं माणूस आहे, असं म्हणत रेकॉर्डिस्टनं त्यांच्या ट्रॅककडे हात नेला.

“खाली घ्या, पण काढू नका हो,” ताई म्हणाल्या. “गुरुवारी घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. कुठंतरी राहू दे माझा आवाज.”

भाऊ गर्रकन मागे वळला. “आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“कधी सांगू? तुमच्या भांडणातून सवड मिळाली तर ना!”

“अहो, ताईचा वर घ्या,” धाकटी रडतच म्हणाली. “माझा काढून टाका.”

“माझाही काढा,” भाऊ म्हणाला.

रेकॉर्डिस्टनं कपाळावर हात मारून घेतला. त्याचेही डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

“आता सगळे काढा म्हणे! घोगरा आवाज एकटा वर घेतला की उघडा पडतो, त्याला आधार लागतो. उठा, आत चला. एकच माईक लावतो. ताई पुढे, तुम्ही दोघं मागे. त्यांचा श्वास तुटला की तेवढी ओळ तुम्ही हळूच सांभाळायची. ओरडायचं नाही, कळलं?”

तिघं आत गेली. ताईंनी पहिली ओळ धरली. दुसऱ्या ओळीला भावाला हुंदका आला आणि टेक वाया गेला. पुन्हा सुरुवात केली, तर धाकटीनं नाक ओढलं. तिसऱ्यांदा दोघांचाही बांध फुटला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट डोकं धरून बसला.

मग ताईच भडकल्या.

“अरे, रडायला पुढं अख्खा जन्म पडलाय! माझा आवाज आहे तोवर गा ना माझ्याबरोबर.”