धावपट्टीवरचं धान

विमान सकाळी आठ वाजता बस्तरहून सुटणार, धावपट्टी मोकळी नसेल तर न उतरता नागपूरला जाणार, असा निरोप टपालकचेरीतल्या फोनवर आला होता. तेजरामनं मनाशी हिशेब केला. बस्तरच्या जंगलातल्या त्या विमानतळाकडे तो एकदा ट्रकनं गेला होता. पहाटे निघून दिवस बुडताना पोचला. ट्रकला बारा तास, तर विमानाला चार तरी लागणारच.

सिहोऱ्याजवळच्या, लढाईच्या काळातल्या धावपट्टीचा तो चौकीदार. वर्षानुवर्षं तिथं विमान उतरलं नव्हतं, म्हणून दरसाल तो गावाला त्या सिमेंटवर धान वाळवू देई. आजही राशी पसरल्या होत्या. आणि त्याची लेक तुळसा घटसर्पानं दवाखान्यात एकेक श्वास ओढत होती. तिचं औषध त्या विमानात होतं.

सव्वाआठला शाळेच्या सुलोचनाबाई काखेत नकाशा घेऊन धावत आल्या.

"तेजराम, धान काहून उचललं नाही?"

"बारा वाजता येईन ना जी विमान."

बाईंनी नकाशा भुईवर पसरला, दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणला आणि तो खालच्या मापपट्टीवर धरला. "एकशे ऐंशी किलोमीटर. ट्रक डोंगर टाळतो, पूल शोधतो. विमान या दोऱ्यासारखं सरळ येते. तासाले दोनशे, तर किती वेळ?"

तेजरामनं दोऱ्यावरून बोट फिरवलं. "तासभरही नाही!"

तो फावडं घेऊन पहिल्याच राशीवर धावला. राशीची मालकीण कुंताबाई आडवी आली.

"ए बाप्पा! रास पुजल्याबिगर कोणी फावडं लावते का? अन् माई बारीक लुचई, शेजारी देवाजीचं जाड धान. मिसळलं तर निवडून देशीन?"

"दाणा-दाणा निवडून देईन, मावशी. तुळसाचं औषध हाये विमानात. अर्ध्या तासात येऊन राहिलं."

कुंताबाईचा चेहरा उतरला. तिनं मूठभर धान उचलून कपाळाला लावलं, राशीवर टाकलं. "झाली पूजा. पाहून काय राहिल्या, बायांनो? ढकला!"

फावडी, सुपं, लुगड्यांचे पदर, जे हाती लागलं त्यानं धान कडेला जाऊ लागलं. नऊला पाच कमी असताना घरघर ऐकू आली. विमानानं एक घिरटी घातली. मधली रास अजून तशीच होती. तेजराम गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धान लोटत होता. दुसरी घिरटी झाली. विमान नागपूरच्या बाजूला वळलं.

तेवढ्यात कुंताबाईनं शेवटचा ढीग पाटीनं फेकला. विमान पुरतं फिरलं, खाली आलं, आणि चाकांमागं उरलेलं धान पिसासारखं उडालं.

त्या साली अर्ध्या गावानं मिसळलेलाच भात खाल्ला. लुचई शिजून गिचका होई, तरी जाड दाणा कच्चाच राही.

"बाबा, हा भात घशात टोचते," तुळसा कुरकुरली.

"टोचू दे," तेजराम म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी वाढला.