मस्कत फक्त एक तासावर

आमचे बाबा एसटीचे ड्रायव्हर. कुठल्याही गावाचं अंतर विचारा, ते तासांतच सांगणार. पावस पाऊण तास, राजापूर दोन तास, पाली तर तोंडातलं पान संपेपर्यंत! आणि त्यांची अटच होती की बकुताईला द्यायची ती त्यांची गाडी जाते अशाच गावात. म्हणजे गाडी स्टँडला लावली की पाच मिनिटं लेकीला बघून परत.

आणि स्थळ आलं ते मस्कतचं! मुलगा रघू, मूळचा राजापूरकडचाच, तिकडे मोटार मेकॅनिक. कंपनी खोली देते, बायकोला नेता येतं. बकुताईने त्याला एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती माझ्याशीसुद्धा गोड बोलत होती. यावरून काय ते समजा.

रविवारी मंडळी आली, सुट्टीवर आलेला रघूही. मुलाचे मामा, भागोजी, पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "लांब कसलं हो महिपतराव! मुंबईच्या सहार विमानतळावरून विमान दहाला सुटतं, अकराला मस्कतला टेकतं. एक तास!"

"एकच तास?" बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे राजापूरपेक्षा जवळ की!"

पडद्याआड ताईने माझा हात गच्च धरला. जमलंच होतं! पण मी नववीत, सहामाहीत भूगोलात पहिली आलेली, माझी जीभ कुठली आवरायला! मस्कतचं नाव निघालं त्याच दिवशी मी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं होतं.

"मामा, सोळाशे किलोमीटर आहे ते," मी बाहेर येऊन म्हटलं. "तिथलं घड्याळ दीड तास मागे. तिथे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा. अडीच तास लागतात."

बाबांनी आपली बशी खाली ठेवली. "म्हणजे दीड तास लपवलात? आणखी काय काय लपवलंय?"

"अहो, मी कशाला लपवीन? घड्याळाने लपवला!" मामा गडबडले.

"बाबा, कुणी खोटं नाही बोललं," मी घाईघाईने म्हटलं. "तिथे सूर्यच उशिरा उगवतो."

"तू गप गो राही. पोराला बोलू दे. किती लांब रे?"

रघूने एकदा पडद्याकडे बघितलं. "विमानात अडीचच तास, काका. पण त्याआधी मुंबईपर्यंत रात्रभर एसटी, मग विमानतळावरच्या रांगा. घरून निघाल्यापासून दीड दिवस जातो. आणि सुट्टी दोन वर्षांनी एकदा. म्हणजे खरं विचाराल तर दोन वर्षं लांब."

मामांनी कपाळाला हात लावला. माझ्या भूगोलाने ताईचं लग्न मोडलं!

बाबा रघूला म्हणाले, "गाडी लेट असली तर लेट म्हणून सांगणारा ड्रायव्हर मी आजवर एकच पाहिलाय. मी स्वतः. आता तू दुसरा." ते पडद्याकडे वळले. "पण दोन वर्षं म्हणजे... बकूलाच विचारायला हवं. काय गो बकू..."

"मला चालेल!"

ताई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या धोंडूबाई खिडकीत आल्या. "काय चालेल गो?" सगळे खो खो हसले आणि ताई लाजून मागीलदारी पळाली.

बाबा मात्र रघूजवळ सरकून बसले. "आता सांग, विमानाच्या ड्रायव्हरला वाटेत चहाला थांबता येतं का?"