बसबूसा आणि नऊ पिंपं

नशवानं पिल्लू टोपलीतून काढून फरशीवर ठेवलं आणि ते ओकलं. मग जे ओकलं होतं ते त्यानं सावकाश, चवीनं परत खाल्लं. मग मान वर करून घरातल्या माणसांकडे पाहिलं, अजून आहे का म्हणून.

"या अल्लाह." इन्साफनं डोक्यावरच्या ओढणीचं टोक नाकावर ओढलं. "पोरी, हे काय आणलंस?"

"बुलडॉग आहे, आई. दोन महिन्यांची. मुलगी आहे."

"मुलगी," इन्साफ म्हणाली. "कुणाची?"

हाजी बदीर दारात उभा राहून बघत होता. बासष्ट वर्षांचा माणूस. बोय मासा फुगू द्यायचा, मिठात दाबायचा, पिंपात मुरवायचा, आणि त्याचं फसीख करून विकायचं, हा इजिप्तमधल्या नबरोह गावातला त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. फुगलेल्या माशाच्या पोटात बोटं घालून उठायचं, हात धुवायचे आणि जेवायला बसायचं, ही त्याची रीत. पण पिल्लाकडे बघून तो एक पाऊल मागे सरकला. तोंड म्हणजे ओल्या कणकेवर कुणीतरी बुक्की मारलेली. नाकावर घडी, घडीत घडी, आणि आतल्या घडीत काहीतरी तपकिरी आणि चिकट. खालचे दात बाहेर. ओठातून लाळेची तार लोंबत होती, तिच्या मधोमध एक बुडबुडा, आणि ती तार तुटतच नव्हती. श्वासाचा आवाज असा, की शेजारच्या घरात कुणीतरी तुंबलेली मोरी काठीनं मोकळी करतंय.

"नाव काय हिचं?"

"बसबूसा."

"पाकातल्या वडीचं नाव ह्या थोबाडाला?"

"बाबा, तिला ऐकू येतं."

गेल्या हिवाळ्याआधी नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून नशवा घरात 'हो', 'नाही' आणि 'भूक नाही' एवढंच बोलत होती. मन्सूरा शहरात औषधाच्या दुकानात कामाला जायची, यायची, दार लावून घ्यायची. आज ती चक्क पाच वाक्यं बोलली. म्हणून कुणी 'परत दे' म्हणालं नाही.

*

कांदा फोडला. वास: ______
रॉकेलचा डबा उघडला. वास: ______
इन्साफच्या केसांतलं तेल, ती झोपेत असताना. वास: ______

फेब्रुवारीत हाजी बदीरला ताप आला होता. अकरा दिवसांनी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच अकरा दिवसांत यंदाची नऊ पिंपं भरली गेली होती. तो अंथरुणात होता, भाड्यानं आणलेल्या दोन माणसांनी ती भरली. मीठ किती घातलं, मासा किती फुगू दिला, हे त्यानं स्वतः बघितलेलं नव्हतं.

एरवी त्याचं काही बिघडलं नसतं. कल्ल्याखाली दाभण खुपसायचं, काढायचं, हुंगायचं. घराण्याचा सगळा धंदा त्या दाभणाच्या टोकावर. वडिलांच्या काळात दुसऱ्या कुणाकडचा वाईट मासा खाऊन गल्लीतल्या एका शिक्षिकेच्या पापण्या दोन दिवस उघडल्या नव्हत्या आणि तिसऱ्या दिवशी तिचा श्वास थांबला होता. वडील त्याला हात धरून तिच्या दाराशी घेऊन गेले होते. "बघून ठेव," एवढंच म्हणाले.

शम्मुन्नसीमला, म्हणजे वसंतातल्या वारा हुंगायच्या सणाला, बारा दिवस राहिले होते. त्या दिवशी अख्खं गाव कालव्याकाठी चटया टाकून बसणार, हिरवा कांदा, लिंबू, भाकरी आणि बदीरचं फसीख.

*

पिल्लू विकणाऱ्यानं एक कागद दिला होता. नशवानं तो फ्रिजवर चिकटवला.

१. पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवा, म्हणजे ते घर ओळखू लागेल.

बसबूसानं पहिल्याच सकाळी तिन्ही खोल्या ओळखल्या. प्रत्येकीत एकेक खूण सोडली. इन्साफनं जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, तर तिनं कागद तोंडानं बाजूला केला, फरशीवर शी केली आणि कागद खाल्ला.

२. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा खायला द्या. हवा गिळल्यामुळे पोटात वायू होतो.

"वायू," इन्साफ म्हणाली. "असं म्हणतात का ह्याला."

हे पहिल्यांदा झालं तेव्हा तिघं चहा घेत होते. इन्साफ आणि नशवा एकदम उठून खिडकीकडे धावल्या, एकीच्या हातून पेला सांडला. हाजी बदीर बसून राहिला. चहाचा घोट घेतला. मग त्याच्या लक्षात आलं की दोघी आपल्याकडे बघतायत.

"हाजी, तुमचं पोट लोखंडाचं आहे," इन्साफ ओढणीआडून म्हणाली.

"माशाचा धंदा आहे माझा."

पुढच्या वेळेपासून तो दोघींच्या चेहऱ्यांवर नजर ठेवू लागला. त्यांची नाकं आक्रसली की आपलंही आक्रसायचं. अर्धा श्वास उशीर व्हायचा, पण कुणी मोजत नव्हतं.

३. उष्णता सहन होत नाही. पंख्याखाली ठेवा.

घरातला चांगला पंखा कुत्रीला गेला.

५. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्यानं पुसा आणि नीट कोरड्या करा.

"मी नाही," इन्साफ म्हणाली. "मी चौतीस वर्षं एका फसीखवाल्याशी संसार केलाय. रोज लिंबू लावून आंघोळ केल्याशिवाय त्याला पलंगावर येऊ दिलं नाही. आता म्हातारपणी कुत्रीचं तोंड पुसू?"

"मी दिवसभर मन्सूरात असते," नशवा म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तो जुना, 'भूक नाही'वाला व्हायला लागला होता.

"मी पुसतो," हाजी बदीर म्हणाला.

घरात सगळ्यात कमी त्रास त्यालाच होणार होता, हे त्या दोघींना लोखंडी पोटामुळे पटलं.

त्यांना माहीत नव्हतं की वास गेल्यावर किळस कमी होत नाही. ती डोळ्यांत आणि बोटांत येऊन राहते. तो नमाजाचा पायघोळ जल्लाबिया काढून ठेवायचा, जुना अंगात चढवायचा, पिल्लाला मांडीवर घ्यायचा. घडी उघडली की आत गुलाबी, ओलं, सोललेल्यासारखं कातडं. फडक्यावर तपकिरी रेघ. बसबूसा तेवढ्यात जीभ काढून त्याचं मनगट चाटायची, खारट म्हणून. मनगट गार व्हायचं, मग चिकट व्हायचं. लाळ बाहीत शिरायची. तिच्या नाकातून शेंबडाचा फुगा यायचा, फुटायचा, आणि त्यातला थेंब कुठे गेला हे शोधण्यात त्याची सकाळ जायची. मग कुत्र्याच्या लाळेसाठी धर्मानं सांगितलेलं सात वेळा हात धुणं, त्यात एकदा अंगणातल्या मातीनं, मग कपडे बदलणं, मग नमाज. सगळं उरकून आला की ती त्याच्या चपलेवर झोपलेली, तोंड चपलेच्या आत.

७. शेपटीखाली खळगा असतो. तोही बोटाला फडकं गुंडाळून रोज आतून पुसावा.

ही ओळ त्यानं फ्रिजसमोर उभं राहून दोनदा वाचली.

"नाही," तो फ्रिजला म्हणाला.

आणि पुसला नाही. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस.

*

सणाला पाच दिवस राहिले. पिंपं उघडणं आता टाळता येत नव्हतं. समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या फसीखवाल्यानं, मेतवल्लीनं, दोन दिवस आधीच दुकान मांडलं होतं आणि जाता-येता विचारायचा, "काय हाजी, यंदा झाकणं गंजली की काय?"

नशवा कामावर गेली होती. पिल्लू एकटं ठेवलं की गळा काढायचं, शेजारी दार वाजवायचे, म्हणून हाजी बदीरनं त्याला डाव्या काखेत मारलं आणि खालच्या कोठारात गेला. दिवा लावला. पहिलं झाकण काढलं. वर तेलकट, करडं पाणी, खाली चंदेरी पाठी.

वास: ______

दाभण खुपसलं, काढलं, नाकाशी धरलं.

______

दुसरं झाकण. तिसरं.

"हाजी." इन्साफ पायरीवर चहा घेऊन उभी होती. कोठारात ती कधी यायची नाही, पायरीवरूनच द्यायची. ओढणी नाकावर होती, तरी तिनं वरून हातही दाबला. "इथे काहीतरी सडलंय."

त्यानं तिसरं झाकण परत लावलं.

"फसीख आहे ते. फसीखाला वास येणारच."

"फसीखाचा वास मला कुणी शिकवू नये. हे सडलेलं आहे."

तो वळला. चौथं झाकण काढलं, पाचवं काढलं, दाभण खुपसत, हुंगत गेला, जोरजोरात, फुगलेल्या नाकपुड्यांनी, ऐकू जाईल असं. मेलेल्या नाकात हवा नुसती जात होती, येत होती. सहाव्या पिंपात पाणी चार बोटं खाली गेलेलं त्याला दिसलं. दिसलं, म्हणजे काहीतरी मिळालं.

"हेच," तो म्हणाला. "सहावं. मीठ कमी पडलंय. छी. हे सगळं फेकायचं."

त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. या वेळी उशीर झाला नाही.

इन्साफनं चहा पायरीवर ठेवला. खाली आली. सहाव्या पिंपावर वाकली, सरळ झाली. मग त्याच्याजवळ आली, त्याच्या काखेशी वाकली, आणि झटक्यात मागे होऊन भिंतीला हात टेकून कोरड्या ओकाऱ्या काढू लागली.

"पिंप नाही," तिला बोलता आलं तेव्हा ती म्हणाली. "कुत्री. तुमच्या काखेतली कुत्री."

त्यानं पिल्लू दिव्याखाली धरलं. आखूड शेपटीखालून पिवळा, दाट पू वाहत होता. त्याच्या बाहीवरून कोपरापर्यंत उतरला होता, आणि कोपराशी वाळून त्याचा पापुद्रा धरला होता. म्हणजे हे आत्ताचं नव्हतं, निदान सकाळपासूनचं होतं.

"वास तुमच्या नाकापासून एक वीत," इन्साफ म्हणाली. "आणि तुम्ही पिंपं हुंगताय."

बसबूसा शिंकली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणजे मार्चमध्ये मी कॉफी जाळली ती तुम्ही मुकाट प्यायलात. मला वाटलं, माणूस म्हातारपणी सुधारला."

"वासच नव्हता."

"आणि हे मासे?" तिनं पिंपांकडे हात केला. "हे तुम्ही विकणार होतात?"

तो पिल्लाच्या पाठीकडे बघत राहिला.

"मी विचारतेय. विकणार होतात?"

"बहुतेक चांगलेच असतील."

इन्साफ त्याच्याकडे बघत होती. पिल्लू फरशीवर ओकलं आणि ते परत खाल्लं, त्या दिवशी तिनं पिल्लाकडे पाहिलं होतं, तसं.

"मेतवल्लीला बोलवा."

"मेतवल्लीला सांगणं म्हणजे बाजाराला सांगणं. बदीरचं नाक मेलं, की दुकान मेलं."

"मग?"

वरच्या मजल्यावर तो चांगला पंखा रिकाम्या खोलीला वारा घालत होता.

इन्साफनं नाकावरची ओढणी सोडली. ती कमरेला खोचली. चौतीस वर्षांत एक घास फसीख न खाल्लेली बाई, तिनं त्याच्या हातातून दाभण घेतलं.

"कुत्रीला आधी बाहेर बांधा. आणि मला सांगा, चांगला वास कसा असतो."

"सांगता येत नाही. तू तुझ्या शब्दांत सांग. मी ओळखतो."

*

पहिलं पिंप. वास: "लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि तिच्यात कुणीतरी पाय धुतलेत."

"चांगलं आहे."

दुसरं. "तसंच. पाय जास्त."

"उत्तम."

तिसरं. ती दाराबाहेर गेली, ओकली, चूळ भरून आली. "तसंच."

चौथं, पाचवं. "पाय. पाय."

सहावं. "सगळ्यांत झणझणीत पाय. हे फेकत होतात तुम्ही. पाणी तेवढं वाढवा."

सातवं. ती पुन्हा बाहेर गेली. या वेळी बराच वेळ. परत आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमच्यासाठी मी काय काय हुंगलंय या जन्मात," ती म्हणाली, "ते वर गेल्यावर मोजून घेणार आहे." आणि मग, "तसंच."

आठवं.

आठव्यावर ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"काय?"

"इथे पाय नाहीत."

"मग काय आहे?"

"गोडसर. ओलं. मिठाचा पत्ता नाही." तिनं दाराबाहेर बांधलेल्या बसबूसाकडे पाहिलं. "तिच्या बुडाखालचं."

हाजी बदीरनं ते झाकण हातोडीनं ठोकून बसवलं. एक खिळा वाकला, त्यानं दुसरा घेतला.

नववं. तिनं तीन मासे टोचले, चौथा टोचला, दाभण पुसून पुन्हा टोचलं.

"मला कळत नाही."

"नीट बघ. नवव्यात मोठे मासे आहेत. नेहमीच्या लोकांसाठी ठेवलेले."

"हाजी, माझं नाक दमलं. चांगलंही असेल. मला कळत नाही."

तो पिंपाच्या काठावर हात ठेवून उभा राहिला. मोठे मासे, हातभर लांब, पाठी अजून चमकत होत्या. मग त्यानं हातोडी उचलली.

दुपारी गावाबाहेर खड्डा खणून, वर चुना टाकून, दोन पिंपं पुरली. मेतवल्ली दुकानाच्या फळीवर टेकून गाडी जाताना बघत होता.

"काय हाजी, दोन पिंपं? नाक फारच तिखट झालंय यंदा."

"हो," हाजी बदीर म्हणाला.

*

संध्याकाळी नशवानं मन्सूराहून मलम आणलं. जनावरांच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं होतं, रोज दोनदा, आतून, बोटानं.

"मी लावते, बाबा."

"धर तिला तू. लावतो मी."

त्यानं बोटाला फडकं गुंडाळलं. शेपटी वर केली. खळगा दिसत नव्हता, घडीत दडला होता, तो दोन बोटांनी फाकवावा लागला. आत बोट गेलं. कोमट, मऊ, बुळबुळीत, आणि आत कुठेतरी नाडी उडत होती. त्याच्या घशाशी आलं. त्यानं ते गिळलं, बोट फिरवलं, बाहेर काढलं, फडकं टाकलं, नवं घेतलं. बसबूसा नशवाचा अंगठा चोखत मजेत घोरत होती.

इन्साफ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या खिडकीशी बसली होती. नाकावर ओढणी नव्हती.

"आता?" त्यानं विचारलं.

"येतोय."

पुन्हा फडकं, पुन्हा बोट, आणखी आत. बोटाचं पहिलं पेर दिसेनासं झालं.

"आता?"

तिनं श्वास ओढला. "कमी झालाय. पण आहे."

तिसरं फडकं. तो खळगा कोरडा करत असताना नशवानं एकदम मान फिरवली आणि खांद्यात तोंड लपवलं. इन्साफ अर्धी खिडकीबाहेर वाकली. हाजी बदीरनं दोघींचे चेहरे पाहिले. त्यानं आपलं नाक आक्रसलं नाही. तो मलमाच्या नळीचं टोपण उघडत राहिला.

"हा तोच?" त्यानं विचारलं.

"नाही," इन्साफ खिडकीबाहेरून म्हणाली. "हा वायू. तुमचं चालू द्या."