वर्गातली ‘डॉक्टर’ आणि माझं फुटलेलं भिंग

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत शिरलात की उजव्या हाताला काचेचं कपाट लागतं. त्यात सगळ्यात वरच्या फळीवर, हिरव्या कापडाच्या टोपडीखाली जो पितळी बोजा बसलेला दिसतो, तो मी. सूक्ष्मदर्शक. वयाने मी आताच्या मुख्याध्यापकांपेक्षाही मोठा आहे. मला खाली उतरवून वर्षं झाली. तरी आज बोलावंसं वाटतंय, कारण एकदा बोलायची फार गरज होती आणि तेव्हा मला तोंड नव्हतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भिंगं घासणारे एक म्हातारे कारागीर होते. एकेका भिंगावर ते आठवडा घालवत. पुरं झालं की उजेडाकडे धरून बघत, नाक मुरडत आणि परत घासायला घेत. माझं सगळ्यात मोठ्या ताकदीचं भिंग त्यांनी सहा वेळा परत घेतलं. सातव्यांदा त्यांनी नाक मुरडलं नाही, भिंग नुसतं मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्यांची शाबासकी ती एवढीच, असं कारखान्यातले लोक म्हणत.

तिथून मी या शाळेत आलो. प्रयोगशाळेच्या काकांनी मला पेटीतून बाहेर काढलं ते अगदी बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसं. काका रोज सकाळी मला पुसत आणि पुसताना बोलत. त्यांच्या घरच्या कुरबुरी, शिक्षकांच्या खोलीतल्या बातम्या, सगळं मला ठाऊक असे. कांद्याचा पापुद्रा, माशीचा पाय, डबक्यातलं पाणी. दरवर्षी माझ्याखाली तेच येई, पण वरून बघणारा डोळा नवा असे. “अय्या, केवढं मोठं!” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. दर वेळी मी आतून फुशारून जाई. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्यातून पाहिलं आणि म्हणाले, “नव्यांतून असं दिसत नाही हो.” काका पुढे आठवडाभर तेच सांगत हिंडत होते.

अशा सुखाच्या दिवसांत ‘डॉक्टर’ माझ्या टेबलाशी आली.

डॉक्टर म्हणजे वर्गातली एक मुलगी. सातवीत असताना तिने उभं राहून सांगितलं होतं, “मी डॉक्टर होणार.” वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि तेच नाव पडलं. तिचा नंबर कायम पहिला, अक्षर मोत्यासारखं, वही अशी की विज्ञानाच्या बाई ती दुसऱ्या वर्गात दाखवायला नेत. घरी पाहुणे आले की तिचे बाबासुद्धा “ही आमची डॉक्टर” अशीच ओळख करून देत. हे ती हसत सांगे. पण सांगताना ओढणीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडवत बसे. ते मी पाहिलेलं आहे.

तिच्या शेजारी बसे तिची मैत्रीण. लहानखुरी, रांगेत कायम पुढे उभी केली जाणारी, बोलायला अगदीच कमी. तिला सगळे ‘मुंगी’ म्हणत. दोघी एका डब्यात जेवत, एका छत्रीतून घरी जात. मुंगीला मार्क बेताचेच पडत. पण माझ्यावर डोळा लावला की ती तिथलीच होऊन जाई. “अगं, चिकटला का डोळा? काढायला पाणी आणू?” डॉक्टर तिला चिडवी. मुंगी हसे आणि तशीच बघत राही.

शाळेच्या शेवटच्या वर्षी डबक्यातल्या पाण्याचा तास होता. सगळ्या मुलींनी पुस्तकातली आकृती वहीत उतरवली. मुंगीने मात्र एक वेगळाच जीव काढला. पोटाशी बारीक केसांची झालर, मागे दुभंगलेली शेपटी. बाईंनी वही हातात घेतली, मग माझ्यातून पाहिलं, मग परत वही.

“हे पुस्तकात नाही,” त्या म्हणाल्या. “हे तू पाहिलंस.”

आणि सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, की सुट्टीत एका संशोधन संस्थेत महिनाभराचं शिबिर आहे, शाळेतून एकीलाच पाठवायचंय, आणि त्यांच्या मनात मुंगीचं नाव आहे. टाळ्या पडल्या. डॉक्टरनेही वाजवल्या. तिच्या जरा उशिरा सुरू झाल्या आणि लवकर थांबल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काका दार नुसतं लोटून डबा खायला गेले होते. डॉक्टर एकटीच आत आली. तिने टोपडी काढली, मुंगीची कालची, डबक्यातल्या पाण्याची काचपट्टी माझ्याखाली सरकवली आणि डोळा लावला. मी मनापासून सांगतो, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मुंगीला जे दिसलं ते तिलाही बघायचं होतं, एवढंच. पण तिला नुसता पांढरा उजेड दिसला. तिने चाक फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. नळी काचेला टेकू नये म्हणून बाजूने वाकून बघायचं असतं, हे बाईंनी दहा वेळा सांगितलेलं. ती डोळा उचलायलाच तयार नव्हती. नळी खाली खाली आली आणि कट्‌ असा बारीक आवाज झाला. काचपट्टी फुटली. माझ्या मोठ्या भिंगाला आरपार तडा गेला.

डॉक्टर मागे सरली. तिने पट्टीचे तुकडे रुमालात गोळा केले, टोपडी होती तशी घातली आणि दार लोटून गेली.

पुढच्याच तासाला मुंगी माझ्यासमोर बसली. क्षणभर तिने पाहिलं आणि हात वर केला. “बाई, भिंगाला तडा गेलाय.”

बाई धावत आल्या. त्यांचा जीव होता माझ्यावर. रागाच्या भरात माणूस समोर असलेल्यालाच धरतो, तसंच झालं.

“तूच बसली होतीस ना? मग कुणी केलं?”

“मी नाही केलं, बाई.”

“मग काय आपोआप झालं?”

मुंगीने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने वहीत मान घातली आणि आधीच आखलेली समासाची रेघ पुन्हा आखायला घेतली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढी लांब रेघ आठवत नाही. मुंगी परत काही बोलली नाही. बाईंना ती कबुली वाटली.

मुंगीला प्रयोगशाळेत यायची बंदी झाली. तिच्या शेऱ्यांच्या कागदावर “साधनांबाबत निष्काळजी” असं लिहिलं गेलं. शिबिराला अर्थातच डॉक्टरचं नाव गेलं. काका मला पुसायला आले की पुटपुटत, “कुलूप लावलं असतं तर... दोन मिनिटांचं काम होतं.” दोष कुणाचा हे त्यांना माहीत नव्हतं, तरी ते स्वतःलाच खात होते.

मग एकदा बाईंनी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. माझे गुण, माझे दोष, मला पुढे काय व्हायचंय आणि का. डॉक्टर नेमकी माझ्या कपाटाला टेकून बसली होती. शेवटच्या प्रश्नापुढे तिने झरझर ‘डॉक्टर’ लिहिलं. ‘का’ पुढे पेन्सिल थांबली. गुणांच्या रकान्यात तिने ‘कष्टाळू’ लिहिलं, मग ‘प्रामाणिक’ लिहिलं. ते खोडरबराने घासलं. परत लिहिलं, परत घासलं. कागदाला तिथे भोक पडलं, तेव्हा तिने वही वर ठेवून ते झाकलं.

शेवटच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर ती शिबिराला गेली आणि दहाव्या दिवशी परत आली. थेट प्रयोगशाळेत, हातात प्रवासाची पिशवी तशीच. बाई निकालाचे कागद लावत बसल्या होत्या.

“बाई, भिंग मी फोडलं. ती नव्हती.”

बाईंनी चष्मा काढला. “एवढे दिवस?”

“रोज सांगणार होते,” डॉक्टर म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. “तिथे सगळे म्हणतात, छान बघ, नीट बघ. मला त्यात काहीच दिसत नाही, बाई. मला ते आवडतसुद्धा नाही. तिची जागा घेतली आणि ती मला नकोच होती.”

बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्या खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. “मी तरी तिला नीट कुठे विचारलं?” एवढंच त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्या मुंगीच्या घरी गेल्या, मुख्याध्यापकांना भेटल्या, शेरा बदलून घेतला. पण मुंगीने तोवर वाणिज्य शाखेचा अर्ज भरून टाकला होता. प्रवेशही झाला होता.

चार दिवसांनी मुंगी आपली आकृत्यांची वही न्यायला शाळेत आली. डॉक्टर रोज येऊन तिची वाट बघत असे. दोघी माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. पूर्वी जिथे खांद्याला खांदा लावून बसत, तिथे आता मध्ये एक स्टूल होतं.

“बाई म्हणतात, अजून शाखा बदलता येईल. ये ना परत,” डॉक्टर म्हणाली.

“नको. आईला सांगून झालंय सगळं. आता परत तेच नको.”

“मला माफ करशील?”

मुंगी वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, “मधल्या सुट्टीत तू आत जाताना मी पाहिलं होतं. नळावर पाणी पीत होते.”

डॉक्टरने वर पाहिलं. “मग... बाईंना सांगितलं का नाहीस?”

“तू सांगशील असं वाटलं.” ती अगदी साधेपणाने बोलत होती. “त्या दिवशी वाटलं, तास संपल्यावर सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल. परीक्षा झाल्यावर तरी सांगेल. मग मी अर्ज भरला.”

वही छातीशी धरून ती निघून गेली. दारापर्यंत डॉक्टर तिच्यामागे गेली, पण त्यापुढे तिला जाता आलं नाही.

पुढचं मला काकांच्या तोंडून कळत गेलं, ते निवृत्त होईपर्यंत. डॉक्टरने बाबांना सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही. घरात महिनाभर अबोला होता. “मग काय व्हायचंय?” या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं म्हणायला ती पहिल्यांदाच शिकली होती. दोन वर्षं चाचपडून शेवटी ती शिक्षिका झाली, लहान मुलांची. तिच्या वर्गात काही मोडलं, सांडलं, तर ती आधी सगळ्यांना शांत बसवते आणि एकेकाला जवळ बोलावून विचारते, असं काका सांगत. मुंगीला ती दरवर्षी पत्र लिहिते. सुरुवातीला उत्तर येत नसे. आता दोन ओळींचं येतं. मुंगी एका कचेरीत काम करते, बरी आहे. ती अजून कशात डोळा लावून बसते का, हे काकांना माहीत नव्हतं. मला फार वाटे, कुणीतरी तिला विचारावं.

काका निवृत्त झाले. माझ्या मापाचं भिंग कुठेच मिळालं नाही. पडद्यावर चित्र दाखवणारे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी वरच्या फळीवर गेलो. त्याचं दुःख मी करत नाही. जुन्याने बाजूला सरायचंच असतं. मला खंत आहे ती त्या तासाची. सगळं मी पाहिलं होतं आणि मी गप्प होतो, कारण मी पितळेचा आहे. तुम्ही पितळेचे नाही.

म्हणून माझं एवढं ऐका. चाक फिरवताना हळू फिरवा, बाजूने वाकून बघा, भिंगाला बोट लावू नका. पुढे काय व्हायचंय ते अजून ठरलं नसेल तर खुशाल ‘माहीत नाही’ म्हणा, घाई नाही. मात्र हातून काही मोडलं, तर तिथे घाई करा. सगळा वर्ग बघत असला तरी उठून उभे राहा. तुमच्याकडे कुणीतरी बघत असेल आणि त्याला अजून खात्री असेल की तुम्ही सांगाल.