गोदामाचा तपासनीस

महिनाअखेरीपासून घरपोच डिस्क बंद, यापुढे सिनेमे फक्त ॲपवर, असं पत्र कंपनीने सोमवारी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं. पत्र कंपनीने पाठवलं आणि शिव्या मी खाल्ल्या, कारण मी तक्रार विभागात बसते. चौदा वर्षं झाली. पगार त्याचाच मिळतो, तेव्हा कुरकुर कुणापुढे करणार?

आमच्या खोलीत सात टेबलं, सात हेडफोन आणि एक गळका कूलर. समोरच्या भिंतीवर तक्रारीची चार कारणं लावली आहेत: एक, दर; दोन, सिनेमा नाही; तीन, वापरता येत नाही; चार, इतर. येईल तो फोन या चारांत कुठेतरी कोंबायचा आणि सहा मिनिटांत ठेवायचा. ठेवताना म्हणायचं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. नवरा असता तर त्याला विचारलं असतं.

एका बाईंनी डिस्कचं पाकीट आठ महिने उघडलं नव्हतं. ते टीव्हीवर तसंच पडून होतं, तरी बंद होणार म्हटल्यावर त्या फोनवर रडायला लागल्या. एका गृहस्थांनी माझा यथेच्छ उद्धार करून शेवटी खातं बंद करा म्हणून सांगितलं. बघते तर खातं त्यांनीच तीन वर्षांपूर्वी बंद केलेलं. ‘मग काय मी बोलायचंच नाही?’ ते म्हणाले. मी म्हटलं, बोला.

ॲपवालेही काही सुखात नव्हते. एक आजोबा रोज अर्धा तास असा एक सिनेमा बघत होते, चौथ्या दिवशी तो ॲपवरून गायब. ‘शेवटी त्या मुलीचं काय झालं, तेवढं तरी सांगा,’ ते म्हणाले. मी सांगितलं. नऊ मिनिटं लागली. विभागाच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून ‘आपण इथे दुकान चालवत नाही’ असं सुनावलं. ते मला लागलं, कारण दुकान म्हणजे काय ते मी पाहिलं आहे.

बाबांचं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान होतं. सव्वीस वर्षं चाललं. आधी कॅसेट, मग डिस्क. ओरखडा पडलेली डिस्क बाबा स्वतः घासायचे. जुन्या बनियनचा मऊ तुकडा, त्यावर किंचित टूथपेस्ट, आणि हात मधून कडेकडे सरळ, गोल कधीच नाही. मग ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघायची, त्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा आमच्या दुकानाचा नेम. बघायचं काम माझं. शाळेचा अभ्यास मांडीवर घेऊन मी छोट्या टीव्हीसमोर बसायचे आणि कितव्या मिनिटाला अडकली ते ओरडून सांगायचे. जगातल्या निम्म्या सिनेमांचे शेवट मला पाठ आहेत ते त्यामुळे.

दुकान बंद झालं आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. माझ्या नोकरीमुळे घरी डिस्क फुकट यायच्या, आठवड्याला तीन. त्या बघून बाबा परत पाठवायचे. पाकिटातून डिस्कशिवाय जे काही निघतं, म्हणजे चिठ्ठ्या, बिलं, एकदा तर कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे, ते गोदामवाले गोणीत भरून आमच्या विभागात पाठवतात. दोन वर्षांपूर्वी त्या गोणीत मला बाबांचं अक्षर दिसलं. दुकानाच्या उरलेल्या पावतीपुस्तकातली पावती होती, नक्कल स्वतःकडे ठेवून फाडलेली.

‘डिस्क क्रमांक ४१७. पंच्याऐंशीव्या मिनिटाला ओरखडा होता, घासून दिली आहे. आमचा प्लेअर आडदांड आहे, त्याला काहीही चालतं. आपण दुसऱ्या मशीनवर पूर्ण लावून पाहावी व कसं काय ते कळवावं.’

गोदामात डिस्क लावून कुणी बघत नाही. तिथे मशीन पाकीट फोडतं, मशीन दुसऱ्या पाकिटात भरतं. मला भरून आलं आणि त्या भरात मी मूर्खपणा केला. कंपनीच्या छापील कार्डावर टाइप केलं, ‘तपासली. उत्तम चालते. आभारी आहोत. तपासनीस, गोदाम.’ आणि घरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिलं.

बाबांनी ते कार्ड उभ्या उभ्या तीनदा वाचलं. ‘माणूस जाणकार दिसतो,’ म्हणाले. ‘मोजकं लिहितो.’ दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी उठून दाढी करायला लागले. मग मी कार्डं कशी थांबवणार? दर गुरुवारी गोणी यायची, मी बाबांच्या पावत्या वेगळ्या काढायचे आणि प्रत्येकीला तेच लिहायचे. उत्तम चालते. उत्तम चालते.

आता कंपनीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: हातातल्या तीन डिस्क परत करू नयेत, ती आमच्याकडून भेट समजावी.

‘परत करायची नाही म्हणजे?’ बाबा म्हणाले. ‘भाड्याची वस्तू आहे ती.’

‘सगळ्यांनाच तसं सांगितलंय, बाबा.’

‘मी गोदामात नेऊन देतो. तपासनिसाच्या हातात. त्याचीही नोकरी जाणार असेल आता. कुणी भेटायला नको का त्याला?’

चार दिवस मी काही बोलले नाही. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी आल्यावर अंगात तेवढा जीव नसायचा, हे खरं, आणि भीती वाटत होती हेही खरं. शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पावतीपुस्तकं पिशवीत भरून, खुर्चीवर बूट चढवत बसले होते. आता सांगायलाच हवं होतं.

‘बाबा, तिथे तपासनीस नाहीये.’

‘सुट्टीवर आहे?’

‘कधी नव्हताच. ती कार्डं मी लिहायचे.’

बाबांनी हातातली नाडी आधी नीट बांधून पुरी केली. ‘मग तपासायचं कोण?’

‘कुणीच नाही.’

‘एकही डिस्क नाही?’

‘एकही नाही.’

माझी थट्टा केलीस म्हणून ते चिडतील, असं मी धरून चालले होते आणि त्याची उत्तरं चार दिवस जुळवत होते. ते त्या वाटेला गेलेच नाहीत.

‘दोनशे बारा डिस्क घासल्या मी,’ ते म्हणाले. ‘पुढे कुणीतरी लावल्या असतील ना त्या? डिस्क अडकते म्हणून फोन यायचे तुमच्याकडे?’

‘यायचे.’

‘तू काय करायचीस?’

‘चार नंबरला टाकायचे. इतर.’

‘कोणती डिस्क, कितवं मिनिट, विचारायचीस?’

‘नाही.’

‘म्हणजे सगळ्यांना देतेस तेच उत्तर मलाही दिलंस,’ बाबा म्हणाले, आणि बांधलेल्या नाड्या सोडायला वाकले.

त्यानंतर ते घरात वावरत होते, जेवत होते, विचारलं तर बोलत होते. दाढी मात्र केली नाही. तीन डिस्क टेबलावर तशाच होत्या, न घासलेल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की गिऱ्हाइकांच्या शिव्या त्या आठवड्यात बऱ्या वाटल्या.

बुधवारी एका बाईंचा फोन आला. भेट मिळालेली डिस्क शेवटाला अडकते, पुढे जातच नाही. बोट सवयीने चारवर गेलं आणि थांबलं.

‘कितव्या मिनिटाला, ताई?’

‘ते कुणी विचारलं नाही कधी,’ त्या म्हणाल्या. ‘थांबा हं.’ आत जाऊन बघून आल्या. एकशे एक. डिस्कवरचा क्रमांकही त्यांनी वाचून दाखवला. मी पत्ता मागून घेतला. बोलणं अकरा मिनिटं चाललं, मॅडमनी काचेतून पाहिलं, मी तिकडे पाहिलं नाही.

सुटल्यावर दोन बस बदलून मी ती डिस्क घेऊन आले. घरी पावतीपुस्तकं काढून नकला चाळल्या. एकशे सत्त्याऐंशी नंबरची पावती: तोच क्रमांक, ‘एकशे एकाव्या मिनिटाला ओरखडा होता, घासून दिली आहे.’ मागे टाचणीने माझं कार्ड लावलेलं. उत्तम चालते.

पुस्तक मिटून ठेवावं, असं मनात आलं. खोटं बोलायची सवय झाली की हात आपोआप तिकडे वळतो. पण मी डिस्क आणि उघडं पुस्तक, दोन्ही बाबांपुढे ठेवलं.

त्यांनी डिस्क दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवून पाहिली. ‘बाहेरच्या कडेला आहे,’ म्हणाले. ‘तिथे माझा हात हलका पडतो आता.’ मग पावतीकडे बघत म्हणाले, ‘हे तेव्हाच कळलं असतं, तर पुढच्या पंचवीस तरी सुधारल्या असत्या.’

 

‘दुसरं मशीन कुणाकडे आहे का?’ त्यांनी विचारलं.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे एक प्लेअर होता, इतका नखरेल की धुळीच्या कणाला अडून बसायचा. तो मी मागून आणला. रविवारी दुपारी बाबांनी दाढी केली, बनियनचा तुकडा काढला आणि डिस्क घासायला बसले. तासभर लागला. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘लाव. सुरुवातीपासून.’

मी जमिनीवर बसले, शाळेत असताना बसायचे तशी. बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. आठवडाभराचा थकवा होता, मध्ये मान पडली, त्यांनी पायाने ढोसून उठवलं. नव्वद मिनिटं झाली, शंभर झाली. एकशे एकाव्या मिनिटाला बाईचा चेहरा अर्धा चौकटी चौकटींचा झाला आणि चित्र थांबलं. मग हिसका बसून पुढे गेलं. खुर्चीतून बाबांना ते दिसलं नव्हतं. उत्तम चालते, हे शब्द माझ्या तोंडात येऊन बसले होते.

‘अडकली,’ मी म्हटलं.

‘किती वेळ?’

‘चारेक सेकंद. पण पुढे गेली.’

बाबांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हात पुढे केला.

‘काढ,’ ते म्हणाले. ‘आणि जरा डोळ्यांवर पाणी मारून ये. परत पहिल्यापासून बघावी लागेल तुला.’