येळवस पॅकेज

माझ्या रानाला समुद्रकिनारा आहे, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. खरी गोष्ट एवढीच, की धरणाचं मागचं पाणी आमच्या शेवटच्या पट्टीला येऊन टेकतं. पाऊस बरा झाला तर ते संक्रांतीपर्यंत राहतं, नाहीतर आधीच मागे सरकतं आणि चिखल उरतो. पण नंदीशने त्याचा फोटो असा काढून घेतला, की पलीकडचा काठ दिसूच नये. खाली लिहिलं, 'मराठवाड्यातला शांत किनारा'. शांत आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. सास्तूरहून आत वळलं की आमच्या रानापर्यंत बोलायला माणूस मिळत नाही.

मी ईरण्णा. एसटीत कंडक्टर होतो. सारी नोकरी माणसांच्या कोंडाळ्यात गेली, पुढे सरका, मागे जागा आहे, हेच ओरडत. तेव्हा वाटायचं, निवृत्त झालो की रानात जाऊन बसायचं आणि एक दिवस तरी कुणाचा आवाज ऐकायचा नाही. देवाने ते जरा जास्तच मनावर घेतलं. माझी बायको श्रीदेवी दोन वर्षांपूर्वी गेली. नंदीश आणि सूनबाई शिवलीला पुण्याला. गावातलं घर खायला उठायचं म्हणून मी रानात राहायला आलो, तर थोड्या दिवसांनी रानही खायला उठलं.

त्यावर नंदीशने काढलेला उपाय म्हणजे 'रानकिनारा कृषी पर्यटन केंद्र'. कुंपण झालं, फाटक झालं, झोके टांगले, बदकाच्या तोंडाची पायडल बोट आली. शनिवार-रविवारी गाड्या येतात. मी पाहुण्यांना हुरडा भाजून देतो, बैलगाडीतून चक्कर मारून आणतो, बोटीत बसवतो. डोक्यावर नंदीशने आणलेला लाल फेटा. आमच्याकडे असला फेटा नवरदेव तरी घालतो नाहीतर पुढारी. पोरं मला आजोबा म्हणतात, बाया म्हणतात, काका जरा हसा, आणि मी हसतो. उन्हं कलली की सगळे गाड्यांत बसून जातात. मला त्यांची नावं कळत नाहीत आणि त्यांना माझं लागत नाही. तरी खोटं कशाला बोलू, शुक्रवार आला की मी वाट बघू लागतो.

आता येळवस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमचा मुलूख सोडला तर ती फारशी कुणाला माहीत नाही. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. मार्गशीर्ष सरता सरता येते. त्या दिवशी गाव रिकामं आणि रानं भरलेली. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग जेवायचं. भाज्या आणि कडधान्यं एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात, आणि मडकंभर आंबील. नियम एकच. बांधावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारायची आणि खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही. आमंत्रण वगैरे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. ज्याला रान नाही, त्याचं पोट त्या दिवशी सगळ्यात जास्त भरतं.

सरदारला रान नाही. सरदार माझ्या वर्गातला, गावात बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून तो येळवशीला आमच्या कोपीत जेवतो. आंबील तर असा पितो, की श्रीदेवी त्याच्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवायची आणि वरून चिडवायची, भाई, मडकं तेवढं ठेवा. भूकंप झाला त्या वर्षीही येळवस चुकली नाही. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, अर्ध्या गावाचा दुखवटा सरला नव्हता, स्वयंपाकाला धड भांडी नव्हती. घरं पडली होती, पण कोप काय, कडब्याची. ती उभी करायला किती वेळ लागतो. सरदार आला, आम्ही दोघांनी एका ताटलीत भज्जी खाल्ली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण जगू.

तर या येळवशीचं नंदीशने पॅकेज केलं. फोनवर म्हणाला, पुण्यातल्या लोकांना असलं काहीतरी अस्सल हवं असतं, बस भरून आणतो. मी म्हणालो, अरे, येळवस विकत नसतात. तो म्हणाला, आपण जेवण विकत नाही बाबा, अनुभव विकतोय. असली वाक्यं त्याला नोकरीत शिकवतात. मी आणखी भांडलो असतो. पण तो पुढे म्हणाला, त्या निमित्ताने आम्हीही सगळे येऊ, शिवलीला, चिमणी, सगळे. आमच्या जिल्ह्यात येळवशीची सुट्टी असते, पुण्यात ती कोण देतो? श्रीदेवी गेल्यापासून ते येळवशीला आलेच नव्हते. नात कोपीत बसून जेवेल, बाजूला सरदार आंबील ढोसत असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि माझं सगळं तत्त्वज्ञान तिथंच विरघळलं.

फाटकावर भला मोठा बोर्ड लागला. 'येळवस पॅकेज. पूजा, पारंपरिक जेवण, बोटिंग. प्रवेश बुकिंग करूनच.' गावात कुणी काही बोललं नाही. हॉटेलात चहा पिताना लोक विचारायचे, काका, पुण्याची बस येणार म्हणं? मी म्हणायचो, व्हय, मोठी बस. मला वाटायचं, कौतुक चाललंय.

येळवशीच्या दिवशी सकाळीच माझी मेहुणी शांताक्का स्वयंपाकाला आली. भज्जीचं पातेलं एवढं, की उतरवायला दोघं लागलो. मी घोंगडी पांघरून आंबिलीचं मडकं डोक्यावर आणलं, पांडव मांडले, पूजा केली. रानाला फेरी घालताना एकाने पुढे आंबील शिंपडायची आणि मागच्यांनी ती आमची जुनी कानडी हाळी द्यायची असते. मी शिंपडलीही एकट्याने आणि हाळीही एकट्याने दिली. म्हटलं, पाहुण्यांसमोर पुन्हा एकदा करायचीच आहे.

जेवणाच्या सुमाराला नंदीशचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या म्हणे, त्या मंडळींनी आयत्या वेळी बेत बदलला आणि कोकणात गेली. तो म्हणाला, काय करणार बाबा, लोकांना शेवटी खरा समुद्र पाहिजे. मी विचारलं, मग तुम्ही कधी पोचताय? बसच नाही तर कशाला एवढ्या लांबचा प्रवास, चिमणीला सर्दी आहे, शिवलीलाची रजाही वाचेल, असं काय काय सांगत राहिला. मी म्हणालो, बरोबर आहे. बापाला दुसरं काय म्हणता येतं?

शांताक्काला तिच्या लेकीच्या रानात जायचं होतं. ती थांबते म्हणाली, मीच तिला घालवलं. मग मी ते पातेलं बघत बसलो. म्हटलं, हरकत नाही, येळवस आहे, रस्त्याने माणसांचा पूर लोटलाय. पुण्याची बस गेली खड्ड्यात. मी फाटक सताड उघडं टाकलं आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

मला लाज नाही सांगायला, मी हाका मारल्या. नोकरीत मारल्या तशा मारल्या. एक टेम्पो गेला, आतल्या बायांनी हात हलवला. मोटारसायकलवरून एक नवराबायको थांबले, बाई बोर्ड वाचून नवऱ्याच्या कानाशी लागली, आणि नवरा म्हणाला, आमचं बुकिंग न्हाय काका. मी सांगितलं, बुकिंगबिकिंग काही नाही, नुसतं जेवायला या. ते एकमेकांकडे बघून हसले आणि झालंय म्हणाले. फुकट म्हटल्यावर त्यांना जास्तच संशय आला असावा. मग गावातला बसवेश आला, बरोबर चारपाच पोरं. त्याला मी हाताला धरून आत ओढायला लागलो. तो अदबीने हात सोडवत म्हणाला, "न्हाय काका, तुमच्याकडं पावणे येणार. आमची अडचन कशाला?"

बस येणार नाही, माझा मुलगाही येणार नाही, हे मला त्या पोराला सांगता आलं नाही. ती पोरं शेजारच्या अण्णारावच्या रानात शिरली. तिथं पंगतीवर पंगत उठत होती, हसणं माझ्या कोपीपर्यंत ऐकू येत होतं. मी बांधावर जाऊन बघितलं, तर सरदार तिथंच बसला होता. अण्णारावची सून त्याला आंबील वाढत होती.

मी मागे फिरलो. मला राग आला, खूप राग आला. सरदारचा आला, अण्णारावचा आला, समुद्राचासुद्धा आला. मलाही कुणी हाक मारली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं. अण्णाराव माझा शेजारी, माझ्या कोपीतून त्याची कोप दिसते. पण ज्याच्या घरी बसभर पाहुणे उतरायचे, त्याला कोण जेवायला बोलावणार? एवढ्या अन्नापाशी बसून मी सकाळपासून उपाशी होतो. येळवशीला एकट्याने घास घेतलेला मला आठवत नाही, आणि तो घेऊन बघायची माझी हिंमत होईना.

ऊन उतरल्यावर सरदार आला. फाटकापाशी थांबला, बोर्डाकडे बघितलं, मग आत आला. चपला काढून कोपीसमोर बसला.

"बस आली न्हाय व्हय?"

"न्हाय."

"आन् नंदीश?"

मी मान हलवली. त्याने कोपीतलं एक ताट ओढून पुढ्यात घेतलं. मग म्हणाला, "वाढ."

मी वाढलं. त्याच्यासमोर माझंही ताट घेतलं. तो अण्णारावकडे पोटभर जेवून आला होता, मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी दोनदा भज्जी घेतली, उंडा कुस्करला, आंबील प्याला. आम्ही मोटारींबद्दल बोललो, पाणी यंदा लवकर हटतंय त्याबद्दल बोललो. माझा राग कुठं गेला कळलं नाही. दिवसभराचं सगळं फिटलं असं वाटलं. एक माणूस जेवला होता, आणि तो सरदार होता. मला आणखी कुणी नको होतं.

हात धुऊन तो उठला. टोपी सारखी केली आणि खिशातून नोटा काढून माझ्यापुढे धरल्या.

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याला एक शिवीही घातली. तो हसला नाही.

"घे, ईरण्णा. तुझ्या लेकानं दुकान मांडलंय. त्याचं वंगाळ व्हावं आसं म्या म्हनत न्हाय. पर दुकानात म्या फुकट खात न्हाय."

"अरं, येळवस हाय."

"येळवस हाय म्हनून तर आलो. सकाळी दोनदा येऊन फाटकावरनं माघारी गेलो. आत जायाचं तर कोन म्हनून जायाचं, तेच कळंना."

मी म्हणालो, मग उद्या गावातल्या घरी ये, तिथं बोर्ड नाही, तिथं जेवू. तो म्हणाला, "उद्या येळवस नसती." मग खाली बघत, "तू घेतलंस तर पुढल्या साली मला येता यील. न्हाय घेतलंस तर येता यायचं न्हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, आणि भांडण आमचं टिकत नाही. तो मनापासून यायची वाट शोधत होता, आणि त्याला सापडलेली वाट ही होती. मी हात पुढे केला. सरदारने नोटा तळहातावर ठेवल्या, फाटक ओढून घेतलं आणि गेला.

अंधार पडता पडता नंदीशचा फोन आला. दुपारच्या वागण्याने त्याला चुटपुट लागली असावी, आवाज मऊ होता. जेवलात का, फार वाया गेलं का, विचारलं. मग म्हणाला, "बोर्ड बघून कोणी आलं का, बाबा?"

"एक आलं होतं."

"पुण्याचं?"

"न्हाय. गावातलंच."

"पैसे दिले?"

"दिले."

"बघा," तो म्हणाला, आणि त्याला खरंच आनंद झाला होता. "मी सांगत होतो ना, हळूहळू गावातलेही येतील."

मी बरं म्हणून फोन ठेवला. श्रीदेवी गेली त्या दिवशीही मी इतका एकटा नव्हतो. त्या दिवशी सरदार माझ्या शेजारी बसला होता.